चांदणीची आणि मागे राहणाऱ्या इतर वस्तूंची व्यवस्था

देवबापाला स्मरून आणि खाली सही करणाऱ्या दोन माणसांच्या समक्ष, मी, सुदर्शन नागोराव खरात, वय वर्षे त्रेसष्ट, धर्म ख्रिस्ती, पूर्वी भोसरीच्या एका कारखान्यात तपासनीस, आता निवृत्त, राहणार फ्लॅट क्रमांक सात, दुसरा मजला, प्रसन्न सहकारी गृहरचना संस्था, कर्वेनगर, पुणे (संस्थेचे नाव बिल्डरने ठेवले आहे, त्यात माझा हात नाही), हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवतो.

माझी मनःस्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना डॉक्टरांनी विचारले, "काय खरातसाहेब, आनंदात ना?" मी विचारले, "दाखल्याला ते लागतं का?" लागत नाही म्हणाले. म्हणून तो प्रश्न तेथेच सोडला.

कलम १. आधीचे मृत्युपत्र रद्द

दिनांक ११ ऑक्टोबर २००९ रोजी मी एक मृत्युपत्र लिहिले होते, ते रद्द समजावे. त्यात मी राहता फ्लॅट आमच्या चर्चच्या मंडळीला घडीच्या खुर्च्या ठेवण्यासाठी दिला होता. आमचे पाळक, रेव्हरंड शुभंकर आढाव, यांना मी ते कळवले तेव्हा ते म्हणाले, "काका, खुर्च्या साठच आहेत. त्यांना दोन बेडरूम कशाला?"

ते मृत्युपत्र मी रागात लिहिले होते. राग कोणाला दिसला नसावा, कारण मी रागावतो तेव्हा काही बोलत नाही. निदान त्या वेळी माझी तशी समजूत होती. त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या, त्यामुळे ते तसेही बाद होते, असे वकीलबाई म्हणतात. तरी रद्द करतो. बाद वस्तूवर लाल खूण केल्याशिवाय ती बाजूला ठेवू नये, ही कारखान्याची शिस्त आहे.

कलम २. माझी माणसे

माझी पत्नी पूर्णिमा यंदा १९ जूनला प्रभूमध्ये निजली. आमचा संसार तीस वर्षांचा. घरातले बोलण्याचे काम तिच्याकडे होते आणि तपासण्याचे माझ्याकडे. तिच्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही. ते मला जमत नाही, आणि पुढच्या कलमांत ती येणारच आहे.

आम्हाला एकच मुलगी, भाग्यश्री. जावई साईनाथ. ते हिंदू आहेत. लग्नाला मी हरकत घेतली नव्हती. फक्त चार दिवस भूक नाही म्हणून जेवलो नव्हतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणी जावयांनी करावी. त्यांचा हिशेब चोख आहे आणि ते माझ्याशी अजूनही नमस्काराने बोलतात, याचे श्रेय त्यांच्या आईवडिलांना आहे.

कलम ३. राहता फ्लॅट

१९९१ साली घेतलेला हा फ्लॅट मी भाग्यश्रीला देतो.

ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तेथे काय करते ते तिने मला दोनदा समजावले. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका ती शोधून काढते. म्हणजे तपासनीसच. हे लक्षात आले तेव्हा मला फार बरे वाटले होते. तिला ते सांगायचे राहून गेले. येथे सांगतो.

२००५ साली तिला ही नोकरी लागली. मला तिने बँकेची परीक्षा द्यावी असे वाटत होते. ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, मिळाली." मी म्हणालो, "बरं." त्यानंतर तेवीस दिवस मी काही बोललो नाही. मी ओरडलो नाही, नाही म्हणालो नाही, पेढासुद्धा खाल्ला. दर रविवारी उपासनेत पापांची कबुली देताना मला आठवण्यासारखे काही सापडत नसे, म्हणून मी छताच्या पट्ट्या मोजत उभा राहत असे. बत्तीस आहेत. जिभेने मी कोणाला दुखवले नाही, याचा मला मनातून अभिमान होता.

पूर्णिमाच्या स्मरणाची उपासना झाली आणि त्यानंतर पाच महिने भाग्यश्री घरी आली नाही. फोन रोज करते.

"बाबा, जेवलात?"

"हो."

"गोळ्या?"

"हो."

"ठेवू?"

"ठेव."

तिच्या कंपनीची बस हिंजवडीहून तिच्या घराकडे, बिबवेवाडीला, जाताना आमच्या कोपऱ्यावर वळते. पांढरी, निळे पडदे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ती थांबते आणि दोघे-तिघे उतरतात. मी गॅलरीत बसून पाहत असे. ती उतरत नसे. एक पडदा जरा बाजूला होई आणि परत पडे. मुलीला बापाचे तोंडही बघायचे नाही, असा मी त्याचा अर्थ लावला आणि खुर्च्यांना फ्लॅट देऊन टाकला.

फ्लॅटमध्ये तिने हवे ते बदल करावेत. फक्त गॅलरीच्या छताचा हुक काढू नये.

कलम ४. अवजारे

एक व्हर्नियर, दोन मायक्रोमीटर आणि गो-नोगो गेजचा लाकडी पेटीतला संच मी संपत इलेक्ट्रिशियन यास देतो. गेज वापरायला सोपे आहे. एक टोक भोकात गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. दोन्ही गेली तर माल बाद, दोन्ही अडली तरी बाद. चौतीस वर्षे मी हेच केले. मग स्वतःच मोजणारी यंत्रे आली आणि २००१ साली आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा कारखान्याची होती.

संपतला ही अवजारे का, ते सांगणे भाग आहे.

१९९८ च्या नाताळात पूर्णिमाने गॅलरीत कागदी चांदणी लावली. आपल्याकडे सगळेच लावतात. नाताळ संपला, नवे वर्ष लागले, पण तिने ती उतरवली नाही. जून आला तरी चांदणी तेथेच. पावसात कागद भिजला तेव्हा तिने प्लास्टिकची आणली. मी काही बोललो नाही, पण मला ते पटले नव्हते, आणि ती चांदणी मला दिसली की माझा दिवस खराब जात असे. शिवाय तिच्यात दोष होता. कधी लागे, कधी लागत नसे. कधी भर दुपारी लागलेली असे. कधी दोनदा लुकलुके आणि स्थिर होई. गॅलरीतले बटण दाबून काहीच होत नसे.

मी संपतला बोलावत असे. तो त्या दिवशी कधीच येत नसे. आला की चांदणी नेमकी चालू असे. तो स्टुलावर चढून म्हणे, "साहेब, चालू तर आहे." अशा चार खेपा झाल्या. एकदा त्याने होल्डर बदलला.

पूर्णिमा गेल्यावर चांदणी कायमची बंद पडली. मला ती उतरवायची नव्हती. का ते माहीत नाही. दुरुस्त करावी असे वाटले. संपतला तीनदा फोन केला. तो आला नाही. दिनांक १४ नोव्हेंबरला तो मला कौशल्याबाईंच्या भाजीच्या गाडीपाशी सापडला.

मी म्हणालो, "संपत, येत का नाहीस?"

"येतो की साहेब. चांदणी लागली की लगेच येतो."

"चांदणी लागत नाही म्हणूनच बोलावतोय."

"हां, म्हणून तर आलो नाही."

आम्ही दोघेही थोडा वेळ मेथीकडे पाहत उभे राहिलो. कौशल्याबाई गवार तोलत होत्या. त्या म्हणाल्या, "सांगून टाक रे आता. बाई गेल्या बिचाऱ्या. किती दिवस झाकून ठेवणार?"

मग संपतने मेथीलाच सांगितले. "चांदणी लागलेली असली म्हणजे साहेब बरे आहेत, वर या. बंद असली म्हणजे नंतर या. दोनदा लुकलुकली म्हणजे या, पण कारखान्याचं नाव काढू नका. वहिनींनीच ठरवलेलं. भाग्यश्रीताईच्या मैत्रिणी दहावीच्या अभ्यासाला यायच्या ना, तेव्हापासून. मग सगळ्यांना सोयीचं पडलं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"म्हणजे दूधवाला, पेपरवाला, तुमची चर्चची मंडळी, गॅसवाला, सोसायटीचे सगळे."

"आणि मी तुला वायरिंग तपासायला लावत होतो."

"वहिनी म्हणायच्या, तपासल्यासारखं कर."

"होल्डर बदललास ना?"

"तो चांगला होता साहेब. तोच पुसून लावला."

कौशल्याबाई म्हणाल्या, "मी तर गाडी पुढे नेण्याआधी वर बघते. बंद असली की ओरडत नाही. तुम्हाला ओरडलेलं खपत नाही ना." दहा वर्षे मी पूर्णिमाला सांगत आलो होतो की ही भाजीवाली फार शांत आहे.

चांदणीचे खरे बटण स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्यामागे निघाले. मी त्या डब्यामागे कधी गेलो नव्हतो. चौतीस वर्षे तपासनीस असलेल्या माणसाने हे लिहून देणे सोपे नाही, म्हणून अवजारे संपतला. ज्याने चांगला होल्डर पुसून परत लावला आणि चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, त्याचा हात स्थिर आहे.

कलम ५. नोंदवही

ही वस्तू कोणाला द्यावी यावर मी पुष्कळ विचार केला.

दोष दिसला की तारीख घालून लिहायचा, ही माझी सवय. जानेवारी १९९९ पासून मी चांदणीची नोंदवही ठेवली होती. लांबट, जाड पुठ्ठ्याची. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात चालू किंवा बंद, तिसऱ्यात संभाव्य कारण. "संपर्क सैल." "हवेत ओल." "व्होल्टेज कमी." मी रोज लिहीत असे आणि पूर्णिमा चहा ठेवून जात असे. ती कधी काही म्हणाली नाही. एकदोनदा तोंडावर पदर धरून आत गेली होती, मला वाटले खोकला आहे.

भाजीच्या गाडीवरून आल्यावर मी नोंदवही उघडली. २००५ मध्ये सलग तेवीस दिवस बंद. कारण: "वायर उंदराने कुरतडली असावी." २००१ मध्ये, स्वेच्छानिवृत्तीनंतर, दोन महिने आणि चार दिवस बंद. कारण: "सदोष माल." २००७ मध्ये भाग्यश्रीच्या लग्नाआधी चार दिवस बंद. कारण: "अज्ञात."

माझ्या मनात काय चालले आहे ते मी कधी कोणाला सांगितले नव्हते, आणि माझ्याच अक्षरात ते तारखेवार लिहिलेले होते. साडेदहा वर्षांत बंदचे दिवस एक हजार एकशे सेहेचाळीस. त्या दिवसांत घराखालून किती माणसे वर पाहून परत गेली, त्याची नोंद नाही. कोणाच्या हातात डबा असेल, कोणाला नुसते बसायचे असेल. पूर्णिमाला त्या दिवशी कोणीतरी यावे असे वाटत असेल. तो रकाना मी आखला नव्हता.

१२ मार्च २००३ च्या नोंदीपुढे मी "बंद. कारण अज्ञात" असे लिहिले आहे. त्याखाली बारीक पेन्सिलने पूर्णिमाचे अक्षर आहे. "आज खरोखर बल्ब गेला आहे. तुम्ही बरे होता."

हे मी यंदा १४ नोव्हेंबरला पहिल्यांदा पाहिले.

नोंदवही भाग्यश्रीला द्यावी. तिच्या धंद्यात अशा नोंदी ठेवतात असे तिने सांगितले होते. तेवीस दिवसांचे पान मी दुमडून ठेवले आहे. त्यावर "उंदीर" हा शब्द खोडून मी खरे कारण लिहिले आहे आणि सही केली आहे.

कलम ६. मंडळी आणि ठेव

बँकेतली ठेव निम्मी भाग्यश्रीला आणि निम्मी मंडळीच्या रविवार शाळेला. पूर्णिमा तेथे शिकवत असे. त्यातून नाताळाला मुलांना फराळ द्यावा. करंज्यांत सारण भरपूर घालावे. आतून रिकामी करंजी मी वाजवून ओळखतो, आणि तशा मी पूर्वी न बोलता ताटाच्या कडेला काढून ठेवत असे, आणि सबंध रविवार शाळा माझ्या ताटाकडे पाहत असे, असे आता कळले आहे.

पाळकसाहेबांवर माझी एक अढी होती, ती येथे सोडतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी प्रवचनात म्हटले होते की आपला चेहरा आपल्याला दिसत नाही, तो घरातल्यांना दिसतो, म्हणून ख्रिस्ती माणसाने तो त्यांच्यासाठी तरी धुवून ठेवावा. मला वाटले हे मला उद्देशून आहे. मी तीन रविवार मागच्या बाकावर बसलो. आता मी नोंदवही घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि हे बोललो. ते म्हणाले, "काका, ते मी माझ्याविषयी बोललो होतो. सकाळी माझं बायकोशी वाजलं होतं. तुम्ही मागे बसलात तेव्हा मला वाटलं, प्रवचन आवडलं नाही. मी पुढचे तीन रविवार क्षमेवर बोललो."

मी विचारले, "तुम्हीही चांदणी बघून यायचात?"

ते म्हणाले, "मी पाळक आहे, मी बघायला नको होती. पण बघायचो."

मग मी त्यांना माझी अडचण सांगितली. बटण कोठे आहे ते आता मला माहीत आहे. पण पूर्णिमाच्या नियमाने चांदणी मी बरा असताना लावायची. मी बरा नाही. जूनपासून एक दिवसही बरा नव्हतो. बाद माल पास करून पाठवणे माझ्याने होणार नाही. आणि लावली नाही तर भाग्यश्री बसमधून उतरणार नाही. आतापर्यंत ती माझे तोंड बघायला नको म्हणून नाही, तर तिच्या आईने शिकवलेला नियम पाळून पुढे जात होती.

पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूनं आपल्याला आनंदी असल्याचं सोंग करायला सांगितलेलं नाही. तोही रडला होता, आणि चारचौघांत रडला होता. तुमचं दुःख पाप नाही, काका. पण तुम्ही बोलत नाही, आणि मग बाकीच्यांनी खाली उभं राहून अंदाज बांधायचा. ते त्यांच्यावर ओझं होतं."

"मग लावू का?"

"ते तुम्ही ठरवा."

पाळक लोक नेमक्या वेळी असे म्हणतात.

कलम ७. श्री. रंगराव शेलार

समोरच्या फ्लॅट क्रमांक आठमधील श्री. रंगराव शेलार यांना मी काहीही देत नाही. कारण नोंदवतो.

१९९५ सालच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीच्या विषयावर मी हात वर केला होता. आयुष्यात पहिल्यांदा. मी तोंड उघडायच्या आत श्री. शेलार म्हणाले, "थांबा रे, खरातसाहेबांस्नी आवाज हाय." सगळे हसले. मी हात खाली घेतला. तेव्हापासून चौदा वर्षे मी त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नाही. टाकी अजून गळते.

श्री. शेलार हे येथल्या जुन्या शेतकरी घरातले. सोसायटी ज्या जमिनीवर आहे तेथे त्यांच्या वडिलांची गवती चहाची आणि वांग्यांची शेती होती. ते मोठ्याने हसतात. त्यांचे हसणे आमच्या जेवणाच्या खोलीत स्पष्ट येते.

त्यांना काही न देण्याचे दुसरेही कारण आहे. वकीलबाईंनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले रद्द होते, आणि नवराबायकोपैकी एकाने सही केली तर दुसऱ्याचेही. म्हणून भाग्यश्री नको, साईनाथ नको, संपत नको, आणि मंडळीला दिले आहे तर पाळकही नकोत, उगीच वाद. म्हणजे ज्यांना मी काहीही देत नाही अशी दोन माणसे हवीत. मी सर्व ओळखीच्यांचा विचार केला. माझ्या एवढ्या पक्क्या नावडीची दोनच माणसे निघाली, श्री. शेलार आणि त्यांचे हसणे ऐकून घेणाऱ्या सौ. विजयमाला शेलार.

कलम ८. अंत्यविधी

दफन पूर्णिमाशेजारी व्हावे. प्रवचन बारा मिनिटांपेक्षा लांबू नये. गीते मध्यम पट्टीत घ्यावीत, मागच्या वेळी वरच्या पट्टीत घेतल्याने पुरुष मंडळी अर्ध्यावर थांबली होती. जेवणात गुलाबजाम असावेत. लोकांनी माझ्याबद्दल "शांत माणूस होता" असे म्हणू नये. त्यांना काय म्हणायचे असते ते मला आता कळते.

कलम ९. आजची पुरवणी

येथपर्यंतचा मजकूर मी आज सकाळी उपासनेहून आल्यावर पूर्ण केला. आज आगमनकाळाचा पहिला रविवार. साक्षीदार हवे होते. दुसऱ्याचे दार वाजवणे माझ्याने होत नाही. पाच वाजता मी तांदळाचा डबा बाजूला केला आणि बटण दाबले. मी बरा नव्हतो. हे येथे स्पष्ट नोंदवतो, म्हणजे कोणाची फसवणूक होणार नाही.

पाच वाजून चार मिनिटांनी बेल वाजली. श्री. व सौ. शेलार दारात होते. सौ. शेलारांच्या हातात शिरा होता. त्या म्हणाल्या, "पाच महिने रवा भाजून तयार ठेवलाय, भाऊजी."

मी त्यांना आत बोलावले आणि कलम ७ वाचून दाखवले, कारण साक्षीदाराला निदान आपले कलम माहीत असावे. वाचून झाल्यावर श्री. शेलार म्हणाले, "म्हंजे चौदा वर्सं तुम्ही माझ्याशी अबोला धरलेला?"

"हो."

"असं व्हय? आम्हाला वाटलं तुम्ही असंच हाय."

मग ते हसले. इतक्या जवळून मी ते प्रथमच ऐकले. सौ. शेलार म्हणाल्या, "अहो, पण पूर्णिमावहिनींना ठाऊक होतं. सभेनंतर आठवडाभर चांदणी— नाही, तेव्हा चांदणी नव्हती. तेव्हा त्या आमच्याकडे येऊन बसायच्या. घरी हसता येत नाही म्हणायच्या."

म्हणजे चौदा वर्षांचा माझा अबोला ज्याच्यासाठी होता त्याला पोहोचलाच नाही. तो मधल्या माणसाने घेतला.

मी श्री. शेलारांना म्हणालो, "टाकीखालच्या पाइपाचा उत्तर कोपऱ्यातला सांधा उघडा आहे. तेव्हा तेच सांगायचं होतं." ते म्हणाले, "आता बोलताय? दोन टाक्या बदलल्या आम्ही." पण खिशातून कागद काढून त्यांनी लिहून घेतले.

त्यानंतर संपत आला. मग पाळकसाहेब. कौशल्याबाई खालून ओरडल्या, "मेथी ठेवू का दोन जुड्या?" एवढ्या मोठ्याने त्या ओरडू शकतात हे मला माहीत नव्हते. गॅसवालाही येऊन गेला, सिलिंडर लागत नव्हता तरी. घरात बसायला जागा उरली नाही आणि मला खुर्च्यांची आठवण झाली.

साडेसहाला मी गॅलरीत गेलो. आज रविवार, पण भाग्यश्रीची या महिन्यात रविवारचीही पाळी असते, ते तिने फोनवर सांगितले होते. बस वळली. थांबली. निळा पडदा बाजूला झाला आणि बराच वेळ तसाच राहिला. बस निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि पुन्हा थांबली.

ती दारात आली तेव्हा धापा टाकत होती. एक चप्पल काढलेली, एक पायात. ती म्हणाली, "बाबा, चांदणी कोणी लावली?"

"मी."

"तुम्हाला माहितीये?"

"हो. पंधरा दिवस झाले."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. तिच्या कामात पाहतात तसे असावे. मग हळूच विचारले, "बरे आहात?"

मी म्हणालो, "नाही. पण ये."

तिने दुसरी चप्पल काढली.

ती आता स्वयंपाकघरात चहा करते आहे आणि मध्येच रडते आहे. डब्यामागचे बटण तिला पहिल्यापासून माहीत होते. सगळे बाहेर चहासाठी थांबले आहेत आणि मी हे लिहीपर्यंत कोणी सही करणार नाही, म्हणून आवरते घेतो.

कलम १०. चांदणी

चांदणी कोणा एकाला देत नाही. ती गॅलरीतल्या हुकावर राहावी आणि रोज लावावी. घरातला माणूस बरा असो वा नसो. पूर्णिमाचा नियम तिने माझ्यासाठी केला होता, आणि तो बदलण्याचा अधिकार मला आहे की नाही हे मी तिला वर विचारीन. तोवर नवा नियम लागू समजावा. बरे नसल्यास तसे दारात तोंडाने सांगावे.

माझ्या अंत्यविधीच्या दिवशीही लावावी. भर दुपार असली तरी.

या मृत्युपत्रातला सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे, तो मला मान्य आहे. खाडाखोड एक आहे, ती कलम ७ मध्ये "नावडीची" या शब्दावर. खोडून परत तोच शब्द लिहिला आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने तो सोयीचा आहे. प्रत्यक्षात तसे उरलेले नाही.

लिहून देणार: सुदर्शन नागोराव खरात (सही)

साक्षीदार १: रंगराव शेलार (सही). साक्षीदार सही करताना हसत होते. त्यास माझी हरकत नाही.

साक्षीदार २: विजयमाला रंगराव शेलार (सही). शिऱ्याचे भांडे परत द्यायचे आहे, ते मालमत्तेत धरू नये.

स्थळ: फ्लॅट क्रमांक सात, प्रसन्न सोसायटी, कर्वेनगर, पुणे
दिनांक: २९ नोव्हेंबर २००९, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे
चांदणी: चालू. दोष आढळला नाही.